'हॉबिट' ऐकावा की पाहावा?

ओसरीवरून

लेक नऊ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत रोज रात्री एक प्रकरण, असा बेत होता. पुस्तक टोल्किनचं 'द हॉबिट', प्रकरणं 19. मी इंग्रजीतून वाचायचं, अडलं की मराठीत सांगायचं, तिने मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. पाचव्या प्रकरणाला, म्हणजे गोष्टीचा नायक, ठेंगणा हॉबिट बिल्बो आणि गुहेतला गॉलम यांच्या कोड्यांपर्यंत पोचलो आणि माझा घसा बसला. (गॉलमचा आवाज काढायचा हट्ट नडला.) दुसऱ्या दिवशी नवऱ्याने परस्पर पीटर जॅक्सनचा पहिला सिनेमा लावून दिला. सुरुवातीला म्हातारा बिल्बो थोडा वेळ गोष्ट सांगतो, मग तो जो गप्प बसतो तो बसतोच. चाळीसेक मिनिटांनी लेकीने विचारलं, "आई, सांगणारा माणूस कुठे गेला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. 1937 सालच्या या पुस्तकात बिल्बो, 13 बुटके, जादूगार गॅन्डाल्फ आणि ड्रॅगन स्मॉग यांच्याइतकंच महत्त्वाचं एक पात्र आहे, आणि ते म्हणजे निवेदक. तो मुलांशी बोलतो, हॉबिट म्हणजे काय ते थांबून समजावतो, मध्येच टोमणे मारतो, पुढे काय होणार ते आधीच फोडतो. ड्रॅगन डोंगरावरून उडून जातो, बुटके आत अंधारात अडकलेले, आणि हा बाबा एक पूर्ण प्रकरण त्यांच्यासोबत घालवून मग म्हणतो की स्मॉगचं काय झालं ते ऐकायचं असेल तर आता दोन दिवस मागे चला. ओसरीवर बसलेली आजी जशी "थांब, ते राहिलंच" म्हणते, अगदी तस्सं.

मग घसा बरा होईपर्यंत जे जे मिळालं ते ऐकलं आणि पाहिलं. काही लेकीबरोबर, काही ती झोपल्यावर.

बीबीसीचं रेडिओ रूपांतर, 1968. आठ भाग, सगळे मिळून साधारण चार तास. यात निवेदक आहे, इतकंच नाही तर त्याला 'टेल बेअरर' असं नाव आहे. आपल्या भाषेत कथेकरीबुवा. गंमत अशी की बिल्बो त्याला मध्येच अडवतो, दुरुस्त करतो, कधी वाक्य त्याच्या तोंडून काढून घेतो. दोघांची जुगलबंदी चालते. लेक पहिल्या पाच मिनिटांत गप्प झाली. आमच्याकडे ही घटना दुर्मिळ.

अमेरिकेतली 1977 ची रॅन्किन-बासची ॲनिमेशनपट्टी. जेमतेम सव्वा तासाची. निवेदन कमी, पण टोल्किनच्याच कवितांना चाली लावल्या आहेत आणि गाणी गोष्ट पुढे ढकलत राहतात. अस्वल होणारा बेऑर्न नाही, आर्कनस्टोन हे रत्न नाही, तरी गोष्ट अंगावर येते. चित्रं मात्र डोळ्यांना सवय होईपर्यंत खटकतात. गॉलम थेट बेडूक आहे.

जॅक्सनचे तीन सिनेमे, 2012, 13 आणि 14. एकूण 474 मिनिटं, म्हणजे आठ तासांना सहा मिनिटं कमी. यात ज्या ज्या ठिकाणी दोनच पात्रं समोरासमोर बसून बोलतात तिथे सिनेमा उत्तम आहे. गॉलमची कोडी. स्मॉगशी बिल्बोचं गोड गोड बोलणं (वितळलेल्या सोन्याचा तमाशा सुरू होईपर्यंत). बाकी वेळ कोणीतरी पळतंय आणि कोणीतरी पडतंय. पुस्तकात पाच सैन्यांच्या लढाईत बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. लढाई बरीचशी आपल्याला नंतर सांगोवांगी कळते. मला हा लेखकाचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. सिनेमाने त्याच लढाईवर जवळजवळ एक अख्खा भाग उभा केला.

माझं म्हणणं एवढंच: ही मुळात *सांगायची* गोष्ट आहे. ज्या रूपांतराने सांगणारा ठेवला ते जगलं. ज्याने त्याला काढून कॅमेऱ्याला बसवलं, त्याची युद्धकथा झाली.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील, पण स्पॉइलरची काळजी नको, पुस्तक 80 वर्षांहून जुनं आहे.

घारापुरी

वाचतोय. जॅक्सनप्रेमी येतीलच आता. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनाट रेडिओ

वा! 1968 च्या मालिकेची आठवण काढणारं इथे कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं. थोडी भर घालतो.

रूपांतर मायकेल किलगॅरिफ यांचं. बिल्बो झालाय पॉल डेनमन, कथेकरी अँथनी जॅक्सन, गॅन्डाल्फ हेरन कार्विक. संगीत डेव्हिड केन यांचं, आणि ते वाजवलंय डेव्हिड मन्रो यांच्या मंडळीने, म्हणजे मध्ययुगीन वाद्यं गोळा करून वाजवणारे लोक. त्यामुळे त्या संगीताला जत्रेतल्या पिपाण्यांसारखा रांगडा बाज आहे. भव्य ऑर्केस्ट्रा नाही. मला तो फार योग्य वाटतो, कारण हॉबिट ही खेड्यातल्या माणसाची गोष्ट आहे.

आता त्रुटी. उच्चार! 'गॅन्डाल्फ' म्हणताना शेवटच्या अक्षरावर असा काही जोर देतात की हाक मारतायत की शिंकतायत कळत नाही. थोरिनचा 'थोरीऽन' होतो. पहिल्यांदा ऐकताना दर वेळी दचकायला होतं. दुसरी अडचण माध्यमाचीच. 13 बुटके आवाजावरून वेगळे ओळखणं अशक्य. चार-पाच बोलले की बाकीचे नुसती गर्दी.

आणि एक गोष्ट जिच्यामुळे मला ही मालिका विशेष प्रिय आहे. बीबीसीच्या मूळ फिती 70 च्या दशकात पुसल्या गेल्या. फिती महाग, जागा कमी, म्हणून तेव्हा सर्रास पुसत. आज आपण जे ऐकतो ते श्रोत्यांनी घरी रेडिओवरून भरून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून परत उभं केलेलं आहे. कॅसेट बाजारात आली ती 1988 मध्ये. म्हणजे कोणीतरी घरात टेपरेकॉर्डर लावून 'आवाज करू नका रे' म्हणत बसलं होतं, म्हणून ओसरीवरूनताईंची लेक ती ऐकू शकली.

आमच्या लहानपणी आकाशवाणीवर 'बालोद्यान' लागायचं तेव्हा आमच्याकडे कुठला आलाय टेपरेकॉर्डर. जे ऐकलं ते गेलं.

तिखटमीठ

जॅक्सनप्रेमी हजर आहे, घारापुरींनी पॉपकॉर्न उघडावं.

ताई, लेख छान पण निकाल आधी लावून मग पुरावा गोळा केलाय. काही मुद्दे:

'छोट्या पुस्तकाचे आठ तास केले' हा आरोप सगळे करतात. पण हेच पुस्तक सबंध मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो? सिनेमात गॉलम झालेल्या अँडी सर्किसच्या वाचनाला अकरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे सिनेमा वाचनापेक्षा छोटाच आहे. लांबी हा मुद्दा नाही. कशाने भरला हा मुद्दा असू शकतो, तो मान्य.

निवेदक काढला म्हणता, पण बिल्बो झालेल्या मार्टिन फ्रीमनचा चेहरा बघा. नाक उडवणं, वाक्य अर्धवट सोडणं, रुमाल विसरल्याची ती धांदल. पुस्तकातला निवेदक बिल्बोची जी प्रेमळ टर उडवतो ती फ्रीमन स्वतःच्या अंगाने उडवतो. निवेदक गेला नाही, नटात शिरला.

जुनाट रेडिओ म्हणतात बुटके ओळखू येत नाहीत. पुस्तकातही येत नाहीत! थोरिन, बालिन, जाडा बॉम्बर, फिली-किली. बाकीच्यांची नावं लेखकाने एका जुन्या नॉर्स कवितेतून उचलली आणि बहुतेकांना त्यापलीकडे फारसं काही दिलं नाही. सिनेमाने प्रत्येकाला दाढी, टोपी, हत्यार, चाल दिली. पहिल्या भागात ते सगळे बिल्बोच्या घरात बसून खर्जात 'मिस्टी माउंटन्स' गातात तो प्रसंग कुठल्याही रेडिओवाल्याने करून दाखवावा.

आणि गॅन्डाल्फ पुस्तकात मधूनच गायब होतो, परत आल्यावर दोन वाक्यांत उरकतो की एका दुष्ट मांत्रिकाला हाकलायला गेलो होतो. जॅक्सनने ते दाखवलं, आणि त्याचा मसाला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पुढच्या पुस्तकाच्या परिशिष्टांतून घेतला. टोल्किनचाच माल आहे.

ओसरीवरून

@तिखटमीठ, 'निवेदक नटात शिरला' हे वाक्य मला आवडलं. चिडून लिहिणार होते, आता अर्धीच चिडले आहे.

पण फ्रीमन पहिल्या भागात जितका दिसतो तितका तिसऱ्यात दिसतो का? सिनेमाचं नाव ज्याच्यावरून आहे तो तिसऱ्या भागात पाहुण्यासारखा येऊन जातो.

पुस्तकबाजार

परिशिष्टांवरून आठवलं. हा मोह खुद्द टोल्किनलाही झाला होता. 1960 मध्ये त्याने 'हॉबिट' परत लिहायला घेतलं. सूर गंभीर करायचा, मुलांशी लाडेलाडे बोलणारा निवेदक काढून टाकायचा, नकाशे आणि अंतरं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'शी जुळवायची. रिव्हेन्डेलपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचलाही. मग एका परिचितांना वाचायला दिलं. त्यांचं मत साधारण असं पडलं की छान आहे, पण हे हॉबिट नाही. त्याने ते बाजूला ठेवलं.

म्हणजे जॅक्सनने जे 2012 मध्ये केलं ते लेखकाने 50 वर्षं आधी करून पाहिलं होतं, आणि सोडून दिलं होतं. हा मुद्दा तिखटमीठ यांच्या बाजूचा की ओसरीवरून यांच्या, ते तुम्ही ठरवा.

अवांतर: डायमंड प्रकाशनाने 'हॉबिट' मराठीत आणलं आहे. इंग्रजी अडतं त्यांनी शोधावं.

तिखटमीठ

माझ्या बाजूचा. लेखकालाही तेच हवं होतं!

जुनाट रेडिओ

आणि लेखकाने ते फेकून दिलं, हे विसरलात.

मोरपिशी

1977 च्या चित्रांना नावं ठेवली त्याचा निषेध.

ती चित्रं अमेरिकन वाटतात, पण ॲनिमेशनचं काम टोकियोतल्या टॉपक्राफ्ट नावाच्या स्टुडिओने केलं होतं. हा स्टुडिओ 80 च्या दशकाच्या मध्यावर बंद पडला आणि त्यातूनच स्टुडिओ जिब्ली उभा राहिला. तेव्हा जिब्लीचा 'टोटोरो' आवडणाऱ्यांनी या बेडूक-गॉलमला जपून बोलावं, लांबचा नातेवाईक आहे.

मला त्यातला स्मॉग सगळ्या स्मॉगांत जास्त आवडतो. तोंड मांजराचं आहे, अंगाला केस आहेत, आणि अंधारात डोळ्यांतून दिव्यासारखे झोत पडतात. ड्रॅगन म्हटल्यावर सगळे सरडाच काढतात. मांजर का नाही सुचत? मांजर जसं उंदराशी खेळतं तसाच तो बिल्बोशी खेळतो. रिचर्ड बून यांचा आवाजही जाड, आळसावलेला, खाऊन पिऊन सुस्त. जॅक्सनच्या सिनेमातला कम्बरबॅचचा स्मॉग पहिल्या वाक्यापासून खलनायक आहे. बूनचा स्मॉग खानदानी श्रीमंत आहे, त्याला राग यायलाही वेळ लागतो.

एक तक्रार माझीही आहे. पुस्तकात 13 पैकी तीन बुटके मरतात. इथे सात मारून टाकले, आणि तेही नुसतं आकडा सांगून. बॉम्बरलाही! त्याने काय घोडं मारलं होतं?

घारापुरी

बॉम्बरसाठी दोन मिनिटं शांतता आणि चार वड्या जास्त.

निरुपद्रवी

सगळ्यात पहिला 'हॉबिट' सिनेमा कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो. 1966 चा. लांबी बारा मिनिटं. त्याच्यामागची कथा सिनेमापेक्षा भारी आहे.

विल्यम स्नायडर नावाच्या निर्मात्याकडे पुस्तकाचे हक्क होते. जीन डाइच हा अमेरिकन ॲनिमेटर तेव्हा प्रागमध्ये राहून काम करायचा. त्याने मोठ्या सिनेमाची तयारी केली, पण तो काही जमेना. तेवढ्यात अमेरिकेत टोल्किनची पुस्तकं तुफान खपू लागली आणि हक्कांची किंमत आभाळाला भिडली. करारात अट अशी की 30 जून 1966 च्या आत रंगीत चित्रपट तयार पाहिजे. *किती लांबीचा*, हे करारात लिहायचं राहून गेलं होतं!

स्नायडरने डाइचला सांगितलं, एका रिळात बसेल एवढा कर आणि महिन्याभरात घेऊन ये. डाइचने झेक चित्रकार आडोल्फ बॉर्न यांच्याकडून चित्रं काढून घेतली. हालचाल जवळजवळ नाहीच, कॅमेराच चित्रांवरून फिरतो. शेवटच्या दिवशी मॅनहॅटनमधल्या एका छोट्या खोलीत 'प्रदर्शन' झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना बोलावलं, त्यांच्याच हातात दहा-दहा सेंट ठेवले, ते त्यांनी तिकीट म्हणून परत दिले आणि पैसे भरून सिनेमा पाहिल्याचं लिहून दिलं. अट पुरी! हक्क टिकले, आणि स्नायडरने ते नंतर भल्या किमतीला विकले.

गोष्टीचं काय झालं विचारू नका. स्मॉगचं नाव स्लॅग, त्याला मारतो बिल्बो (पुस्तकात बार्ड नावाचा तिरंदाज मारतो), आणि शेवटी बिल्बोचं एका राजकन्येशी लग्न. राजकन्या कुठून आली? बारा मिनिटांतसुद्धा लग्नाला वेळ काढला.

हा प्रकार अनेक वर्षं कोणाला दिसला नव्हता. 2012 मध्ये जॅक्सनचा पहिला भाग आला त्याच वर्षी तो इंटरनेटवर आला.

सातवा मजला

निरुपद्रवी, हसून हसून डोळ्यांत पाणी. त्या वकिलाला शोधून सत्कार केला पाहिजे, करार लिहिणाऱ्या नव्हे, वाचणाऱ्या.

ओसरीवरून

राजकन्येवरून एक राहिलेली गोष्ट सांगते. आठव्या रात्री लेकीने विचारलं, "यात मुली कुठे आहेत?" मी पानं चाळली. बिल्बोच्या आईचं नाव आहे, बेलाडोना टूक. बस. अख्ख्या पुस्तकात एकही बाई तोंड उघडत नाही.

म्हणून जॅक्सनने टॉरिएल ही एल्फ योद्धी नव्याने घडवली त्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण निरुपद्रवींचा प्रतिसाद वाचून लक्षात आलं: 1966 मध्ये एक बाई घातली, तिला नवरा दिला. 2013 मध्ये एक घातली, तिला दोन प्रेमिक दिले, एक बुटका आणि एक एल्फ. या दोन तारखांमध्ये माणूस चंद्रावर जाऊन आला. एखादी बाई नुसती वाटेत भेटून बिल्बोला चहा पाजून नकाशा समजावून सांगत का नाही?

लेकीने तोडगा काढला आहे. आमच्या वाचनात बालिन ही आता बालीण आहे. कोणाचंही काही अडलेलं नाही.

तिखटमीठ

बालीण! मान गये. टॉरिएलच्या प्रेमप्रकरणाची बाजू मी घेणार नाही, तेवढी मलाही लाज आहे.

सातवा मजला

सांगणारा माणूस हवा असेल तर 1985 चं सोव्हिएत रूपांतर बघा. लेनिनग्राड दूरदर्शनने केलेलं, तासाभरापेक्षा थोडं मोठं. यात चक्क 'प्रोफेसर' हे पात्र समोर येऊन गोष्ट सांगतं. ते काम केलंय झिनोवी गर्ड्ट यांनी. हा माणूस कित्येक वर्षं कठपुतळ्यांच्या नाट्यगृहात काम करत होता, त्यामुळे नुसत्या आवाजाने प्रेक्षकाला धरून ठेवणं त्याच्या हाडीमांसी होतं.

पैसे नव्हते हे प्रत्येक चौकटीत दिसतं. पुठ्ठ्याचे डोंगर, बाहुलीचा ड्रॅगन. गॉब्लिन कोण, तर बॅले नर्तक! हे गॉब्लिन उड्या मारत, गिरक्या घेत अंगावर येतात. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की बालनाट्यात असंच असतं. दोन खुर्च्या म्हणजे होडी, चादर म्हणजे नदी. मुलांना चालतं, मोठ्यांना खटकतं.

2012 मध्ये मी लंडनमध्ये होतो. जॅक्सनचा पहिला भाग सेकंदाला 24 ऐवजी 48 चौकटींच्या तंत्रात पाहिला. इतकं स्वच्छ, की बिल्बोचं घर हे नेपथ्य आहे हे कळत होतं. कोट्यवधी डॉलर खर्चून पुठ्ठा दिसायला लागला. लेनिनग्राडवाल्यांनी तो फुकटात दाखवला होता.

पाटीपेन्सिल

मूळ लेखात कोड्यांचा उल्लेख धावता झालाय, म्हणून थोडं त्यावर. माझ्या मते कोणतं रूपांतर चांगलं हे पाचव्या प्रकरणावरून ठरवावं.

पुस्तकात बिल्बो गॉलमला दातांचं कोडं घालतो: लाल टेकडीवर तीस पांढरे घोडे. हे वाचल्या वाचल्या मला आजीचं 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' आठवलं. तिकडे घोडे आणि इकडे चिरे, तोंड तेच. आपल्याकडे जीभही धरली आहे, म्हणजे आपलं कोडं एका नागिणीने पुढे.

भाषांतर करताना काही कोडी मरतात. बिल्बोचं उन्हाचं आणि डेझीच्या फुलांचं कोडं मुळात शब्दाच्या व्युत्पत्तीवर उभं आहे, डेझी म्हणजे जुन्या इंग्रजीत दिवसाचा डोळा. मी भाच्यांना सांगताना सरळ सूर्यफूल घातलं. नावातच सूर्य आहे, काम भागलं.

आणि एक कोडं मराठीत मूळच्याइतकंच चपखल बसतं. शेवटी गॉलम विचारतो, सगळं काही खाऊन टाकणारं ते काय. बिल्बोला उत्तर येत नाही, गॉलम पाण्यातून पुढे सरकतोय, हा घाबरून 'मला आणखी वेळ दे' म्हणायला जातो आणि तोंडातून फक्त 'वेळ! वेळ!' एवढंच फुटतं. तेच उत्तर! एकही शब्द बदलावा लागत नाही. सिनेमात थोडं फिरवलंय, तिथे वेळ संपल्याचं गॉलमच बोलतो आणि बिल्बोची ट्यूब पेटते. मला पुस्तकातलं आवडतं. तिथे बिल्बो हुशारीने जिंकत नाही, नशिबाने वाचतो.

जुनाट रेडिओ

पाचव्या प्रकरणाचा विषय निघालाच आहे तर, ते प्रकरण खुद्द लेखकाच्या आवाजात उपलब्ध आहे. ऑगस्ट 1952. टोल्किन मॉल्व्हर्नला जॉर्ज सेअर या मित्राकडे राहायला गेले होते. मित्राकडे टेपरेकॉर्डर. या यंत्रात सैतान असेल तर पळून जावा म्हणून म्हाताऱ्याने आधी गॉथिक भाषेत प्रार्थना म्हणून भरली. मग आपला आवाज ऐकून इतका खूश झाला की वाचतच सुटला. त्या फितींची तबकडी पुढे 1975 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, निघाली.

त्याचा गॉलम ऐका. घशातली ती गुळणी! ओसरीवरूनताई, तुमचा घसा बसला यात आश्चर्य नाही.

मोरपिशी

गॉलम किती मोठा होता, हा वादही जुना आहे. स्वीडिश आवृत्तीसाठी 1962 मध्ये टोव्हे यान्सनने ('मूमिन' बालकथांवाल्या) चित्रं काढली, त्यात गॉलम बिल्बोच्या कितीतरी पट, राक्षसाएवढा! कारण पुस्तकात आकार दिलेलाच नव्हता. नंतरच्या आवृत्तीत 'छोटा' हा शब्द आला. रेडिओवर ही भानगडच नाही, ज्याला जेवढा वाटेल तेवढा.

बोरकूट

उशिरा आले. अँडी सर्किसच्या वाचनाचा उल्लेख वर झालाय, त्याची सुरुवात सांगते. 8 मे 2020. टाळेबंदी. त्याने घरातून थेट प्रक्षेपणात पूर्ण पुस्तक एका बैठकीत वाचलं, मदतनिधीसाठी. अकरा तास, मध्ये जुजबी विश्रांती. त्याच वर्षी त्याने ते नीट ध्वनिमुद्रितही केलं.

मी इथे नाशिकला भांडी घासत, पोळ्या लाटत, मुलांचा अभ्यास घेत दिवसभर ते लावून ठेवलं होतं. संध्याकाळी त्याचा आवाज फाटायला लागला होता. डोळे चोळत, पाणी पीत, चष्मा सारखा करत वाचणारा एक माणूस. पोरं येऊन बसायची, उठायची, परत यायची. 'आत्ता कुठे आलेत?' विचारायची. सिनेमाचा सगळा फौजफाटा ज्याने जवळून पाहिला होता (जॅक्सनच्या 'हॉबिट'च्या दुसऱ्या युनिटचं दिग्दर्शन त्यानेच केलं), तोच माणूस घरात एकटा बसून नुसता वाचत होता.

म्हणून ओसरीवरून यांच्याशी सहमत. पण हेही खरं, की सर्किसला गॉलम सिनेमानेच दिला. तो आवाज सिनेमात घडला आणि वाचनात परत आला.

तिखटमीठ

@बोरकूट, हा प्रतिसाद वाचून भांडायची इच्छाच गेली. तरी नोंदवून ठेवतो: जॅक्सनच्या चित्रीकरणात फ्रीमन आणि सर्किसचा कोड्यांचा प्रसंग सगळ्यात आधी घेतला होता. दोन नट, एक गुहा.

पुस्तकबाजार

कोड्यांच्या प्रकरणाबद्दल शेवटचं. 1937 च्या पहिल्या आवृत्तीत ते वेगळंच होतं. गॉलम तिथे बऱ्यापैकी सभ्य आहे. हरला तर भेट म्हणून अंगठी देण्याचं कबूल करतो, अंगठी सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना अंगठीचं प्रकरण गंभीर झालं, म्हणून टोल्किनने हे प्रकरण बदललं आणि 1951 च्या आवृत्तीत नवं आलं. जुनी हकिकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप होती, अशी सारवासारव पुढच्या पुस्तकात केली.

घारापुरी

म्हणजे सगळ्यात पहिलं रूपांतर लेखकानेच केलं. आणि वर 'आधीचं पात्र खोटं बोललं' असं सांगून मोकळा. कुठल्याही पटकथाकाराला जमणार नाही.

बरं, मूळ प्रश्न. बिल्बोने शेवटी विचारलेलं 'माझ्या खिशात काय आहे?' (अंगठी होती) हे कोडं होतं का?

पाटीपेन्सिल

नव्हतं. पुस्तकातही म्हटलंय की जुन्या नियमांनी ते खरं कोडं नव्हे. पण गॉलमने ते मान्य करून तीन संधी मागितल्या, म्हणजे आक्षेपाचा हक्क गमावला.

सातवा मजला

आणि तिसऱ्या संधीत 'दोरी, किंवा काहीच नाही' अशी दोन उत्तरं दिली. उलट गॉलमवरच दंड बसवला पाहिजे.

ओसरीवरून

लेकीचाही निकाल तोच आहे. दोन उत्तरं दिली तेव्हाच तो बाद.

ताजी बातमी: घसा अजून पूर्ण बरा नाही, त्यामुळे ज्याने सिनेमा लावला होता त्यालाच काल वाचायला बसवलं. पाचवं प्रकरण परत, पहिल्यापासून, आणि लेकीच्या मागणीवरून पूर्ण मराठीत. गॉलम स्वतःला 'आम्ही' म्हणतो ना, ते नवऱ्याच्या तोंडून ऐकताना एखादे सरदार तळ्याकाठी बसून 'आम्हांस भूक लागली आहे' म्हणतायत असं वाटतं. 'प्रेशस'चं त्याने 'माझं सोनं ते' केलंय. लेक उशीत तोंड खुपसून हसत होती. मग एकदम उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, सांगणाऱ्याचा आवाज वेगळा काढ. दोघं सारखेच बोलतायत."

आज सहावं.